थंड गाडी

आमच्या घरापुढं अंगण मोठं होतं, पण गाडी कधी अंगणात लागली नाही. ती लागायची घराशेजारच्या उतारावर, तोंड खाली करून. नवा पाहुणा विचारायचा, "एवढी जागा मोकळी असताना गाडी अशी वाकडी का?" अण्णा म्हणायचे, "तिला उतार दाखवला की ऐकते."

उतारावरची गाडी सेल्फ न मारता निघते. दुसरा गियर टाकून क्लच दाबून धरायचा, हँडब्रेक सोडायचा, गाडी पाच-सात हात घरंगळली की क्लच सोडायचा. एक गचका बसायचा, सायलेन्सरातून धुराचा लोट निघायचा आणि इंजिन बोलायला लागायचं. बॅटरी वाचायची. त्या काळात ओतूरच्या आसपास ज्याच्या दारात गाडी, त्याच्या दारात असा एखादा उतार असायचाच. ज्याच्या दारात नव्हता, त्यानं मुरूम टाकून केला होता.

गाडी होती टाटा ४०७. आम्ही तिला चारशे सातच म्हणायचो. अण्णांनी ती १९९९ साली जुनी घेतली, पतसंस्थेचं कर्ज काढून. ओतूर, डिंगोरे, उदापूर भागातल्या शेतकऱ्यांची कोथिंबीर, मेथी, शेपू भरायची आणि रात्री नऊच्या सुमाराला निघायचं. माळशेज घाट उतरून टोकावडे, मुरबाड, कल्याण, मग शिळफाट्यावरून महापे आणि तुर्भे. लोक वाशी मार्केट म्हणतात, पण ते आहे तुर्भ्यात. अण्णा आधी दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते, तेव्हा त्यांनी भायखळ्याच्या खेपा केल्या होत्या. १९९६ साली भाजीचा आणि फळांचा बाजार मुंबईतून तुर्भ्याला आला आणि त्यांची रात्रीची दोन तासांची झोप वाढली, असं ते सांगायचे.

रात्री दोनच्या आत गाडी गाळ्यासमोर लागली पाहिजे, हा या धंद्याचा एकच नियम. पालेभाजी शेकड्यावर जाते आणि तिचा भाव तासातासाला उतरतो. पहाटे तीनला हिरवीगार दिसणारी जुडी सकाळी सातला मान टाकते. माल शेतकऱ्याचा, भाव व्यापाऱ्याचा, पण उशीर झाला तर तोंड अण्णांना दाखवावं लागायचं. आमच्याकडं गाडी होती म्हणजे शेतकऱ्यांचा आमच्यावर विश्वास होता. दुसरं काही भांडवल नव्हतं.

२००२च्या दिवाळीनंतर माळशेज चढताना गाडी तापली. पाणी उडालं, हेडचं गॅसकेट गेलं. कशीबशी दुरुस्त करत ती खाली कळंबोलीला नेली. कळंबोलीत लोखंडाच्या बाजारामुळं ट्रकांची वर्दळ, आणि ट्रक तिथं मिस्त्री. आमचा मिस्त्री नारायणगावकडचाच होता. अण्णांपेक्षा पाच-सात वर्षांनी लहान, बोलायला कमी, हाताखाली तीन पोरं. त्यानं हेड उतरवलं, व्हॉल्व्ह घासले, नोझल आणि पंप कॅलिब्रेशनला पाठवून आणले. बिल झालं साडेआठ हजार. अण्णांनी सहा हजार दिले आणि अडीच हजार पुढच्या खेपांवर ठेवले. असा उधारीचा व्यवहार दोघांत नेहमीचा होता.

गाडी नवी झाल्यासारखी चालायला लागली. अर्ध्या सेल्फला सुरू व्हायची. घाट तिसऱ्या गियरमध्ये चढायची.

आता माझं सांगतो. मी तेव्हा बारावीला होतो, सतरा वर्षांचा. सुट्टीच्या दिवशी क्लीनर म्हणून अण्णांबरोबर जायचो. नोव्हेंबरच्या शेवटी एकदा अण्णा म्हणाले, "फीड पंपाची जाळी काढून साफ कर. डिझेलात कचरा दिसतोय. आणि वायसर नवीन टाक." टाकीतून डिझेल ओढून पुढं पाठवणारा छोटा पंप म्हणजे फीड पंप. तो मुख्य पंपाच्या अंगालाच बसवलेला असतो. टाकीकडून येणारा पाइप त्याला एका पोकळ बोल्टानं जोडलेला असतो, आणि त्या जोडाच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे दोन वायसर असतात. मी ओतूरच्या दुकानातून दोन नवे वायसर आणले. दोन रुपयांना एक.

जाळी धुतली, बोल्ट बसवायला घेतला आणि एक वायसर डिझेलानं माखलेल्या बोटांतून निसटला. खाली मुरूम आणि पाचोळा. अर्धा तास शोधला. परत दुकानात जायचं तर अण्णांना सांगावं लागणार, आणि मग "दोन रुपयांची वस्तू सांभाळता येत नाय" हे ऐकावं लागणार. मी जुन्यातला एक उचलला. काढताना तो मी स्क्रू ड्रायव्हरनं उचकटला होता, त्यावर एक बारीक ओरखडा होता. पुसला, लावला, बोल्ट चांगला आवळला. गाडी सुरू करून बघितली. एक थेंब गळत नव्हता. अण्णांनी विचारलं, "झालं का?" मी म्हणालो, "झालं."

तीन-चार दिवसांनी तुर्भ्याला पहिला त्रास झाला. रात्री दीडला माल उतरवला, गाडीतच झोपलो, सकाळी व्यापाऱ्याकडून पट्ट्या घेतल्या आणि साडेदहाला निघायला बसलो. अण्णांनी सेल्फ मारला. गाडी सुरू झाली, चार सेकंद चालली आणि मेली. पुन्हा सेल्फ मारला तर इंजिन नुसतंच फिरत राहिलं. दहा वेळा, बारा वेळा. मार्केटमध्ये उतार कुठला? सगळं सपाट काँक्रीट. मागच्या गाड्या हॉर्न द्यायला लागल्या. शेवटी माथाडी कामगारांनी ढकलली. डोक्यावर गोणी वाहून थकलेली माणसं आमची गाडी ढकलत होती आणि अण्णांचं तोंड लाल झालं होतं. गेटपर्यंत नेली तेव्हा कुठं सुरू झाली. एक मिनिट खोकली, मग जणू काही झालंच नव्हतं. कल्याणला टायरची हवा बघायला बंद केली, तर अर्ध्या सेल्फला सुरू.

पुढं हे रोजचंच झालं. ज्याला विचारावं तो वेगळं सांगायचा. कुणी म्हणायचं बॅटरी बसली. कुणी म्हणायचं, पंप बसवताना टायमिंग मागं राहिलं. कुणी म्हणायचं नोझल गळतायत, कुणी हेडला नाव ठेवायचं. बहुतेक जण म्हणायचे, "डिसेंबर हाये बाबा, थंडी हाये, डिझेल गाडी हाये, होणारच." यातलं एकही कारण खोटं नव्हतं. यातल्या प्रत्येकानं गाडी सुरू व्हायला त्रास देते. पण अण्णांच्या मनात एकच गोष्ट बसली. गाडी मिस्त्रीच्या हातून आली आणि बिघडली.

मग कोथिंबिरीची ती रात्र आली. त्या दिवशी भरणी आमच्या दारात नव्हती. नदीकडच्या एका खळ्यात होती, सपाटीला. गाडी दुपारपासून तिथं उभी. चार शेतकऱ्यांचा माल, वर ओलं गोणपाट टाकलेलं. नऊ वाजता अण्णांनी सेल्फ मारला. सुरू झाली, चार सेकंद, बंद. मग बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारला. ढकलून झालं, माणसं दमली, एकाला ट्रॅक्टर आणायला पाठवलं. ट्रॅक्टरनं ओढून गाडी सुरू झाली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. माळशेजात धुकं. आम्ही तुर्भ्याला पोचलो तेव्हा उजाडलं होतं आणि गाळ्यावर दुसऱ्यांची कोथिंबीर विकून झाली होती. आमची निम्म्याहून कमी भावाला गेली. त्या चौघांतल्या एकाच्या मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर होतं. तो अण्णांना काही बोलला नाही, फक्त पट्टी दोनदा वाचली. अण्णांना तेच लागलं.

पण हे ओतूरला परत गेल्यावरचं. त्याआधी, त्याच सकाळी, अण्णांनी तुर्भ्यात गाडी बंदच केली नाही. तशीच घेऊन थेट कळंबोलीला गेले. गॅरेजमध्ये पाच-सहा ड्रायव्हर चहा पीत होते. त्या सगळ्यांसमोर अण्णा मिस्त्रीला बोलले. साडेआठ हजार घेऊन असलं काम करता, आपल्या तालुक्याचा म्हणून विश्वास टाकला, चार घरांचं नुकसान केलंत. मिस्त्री हात पुसत ऐकत होता. अण्णांचं बोलणं थांबल्यावर त्यानं गाडी बंद केली, पुन्हा सेल्फ मारला. अर्ध्या सेल्फला सुरू. बसलेले ड्रायव्हर हसले. अण्णा आणखीच भडकले.

मिस्त्री म्हणाला, "अण्णा, हाच घोळ हाये. गाडी माझ्या दारात येते ती चालून येते. म्हणजे गरम होऊन येते. गरम गाडीला मी काय विचारू? आजची रात्र तिला इथं राहू द्या."

मग त्यानं प्रश्न विचारले. मला ते अजून ओळीनं आठवतात. किती तास उभी राहिली की त्रास देते? तास-दोन तासांत नाही, पाच-सहा तास झाले की. घरी पहाटे देते का? नाही, घरी उतारावरून सहज निघते. उतारावर तोंड कुणीकडं? खाली. टाकी भरलेली असली की? अण्णांना आठवावं लागलं. भरलेली असली की त्रास कमी. सुरूच होत नाही, का सुरू होऊन मरते? सुरू होऊन मरते.

अण्णा म्हणाले, "थंडीनं असेल का?"

"ओतूरला पहाटे पारा दहाच्या खाली जातो, तिथं निघते. तुर्भ्याला साडेदहाच्या उन्हात अडते. कसली थंडी? आम्ही थंड गाडी म्हणतो म्हणजे उभी राहिलेली गाडी. हिला थंडीचा त्रास नाय. हिला उभं राहिल्याचा त्रास हाये."

अण्णा कोपरखैरण्याला माथाडी वसाहतीतल्या एका नातेवाइकाकडं झोपायला गेले. मी गाडीजवळ थांबलो. रात्रभर लोखंडाचे ट्रेलर येत-जात होते. मला झोप लागली नाही. प्रश्न ऐकताना माझ्या पोटात काहीतरी हललं होतं, पण मी मनाला सांगत होतो, आपल्या जोडातून थेंबसुद्धा गळत नाही.

सकाळी आठला मिस्त्री आला. आल्या आल्या त्यानं कशालाही हात लावला नाही. सायलेन्सरमागं एका पोराला उभं केलं आणि मला म्हणाला, "मार सेल्फ." इंजिन झपाझप फिरलं. "बॅटरी ठीक हाये, सेल्फ ठीक हाये." गाडी सुरू झाली, चार सेकंद, मेली. "आता मारत राहा." मी मारत राहिलो. तो पोराला ओरडून विचारायला लागला, "धूर?" पोरगं म्हणालं, "नाय."

त्यानं मला खाली बोलावून समजावलं. डिझेल गाडीला ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये हवा पंधरा-वीस पट दाबली जाते, दाबानं ती एवढी तापते की वरून उडालेलं डिझेल आपोआप पेटतं. टायमिंग चुकलं असतं, हेड नीट बसलं नसतं, हवा पुरेशी दाबली जात नसती किंवा खरंच थंडी असती, तर डिझेल आत गेलं असतं पण पेटलं नसतं. ते न जळता पांढरा धूर होऊन बाहेर आलं असतं, डोळे चुरचुरले असते. इथं धूरच नाही. म्हणजे डिझेल आत जातच नाही. पहिल्या चार सेकंदांत पंपात उरलेलं जळतं आणि मागून येते ती हवा. नोझल उघडायला साधारण दोनशे किलोचा दाब लागतो. डिझेल दाबलं जात नाही, म्हणून नोझल उघडतो. हवा मात्र स्पंजासारखी दबते आणि सुटते. नोझल मिटलेलाच राहतो.

"म्हणजे एअर घेतेय," मी म्हणालो.

"घेतेय. पण कुठून?"

त्यानं फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू सैल केला आणि फीड पंपाचा हँडपंप दाबायला लागला. साबणाच्या पाण्यासारखा फेस आला, बऱ्याच वेळानं नितळ डिझेल. आता गाडी सुरू केली असती तर झाली असती, आणि संध्याकाळी पुन्हा तेच झालं असतं. त्यानं ती सुरू केली नाही. टाकीकडचा पाइप टाकीपाशी सोडवला, त्याला एक लांब रबरी नळी जोडली आणि पाच लिटरचा डिझेलचा कॅन केबिनच्या टपावर ठेवून नळीचं टोक त्यात सोडलं. मग टाकीपासून फीड पंपापर्यंतचा प्रत्येक जोड चिंधीनं कोरडा पुसला आणि प्रत्येकाभोवती वर्तमानपत्राची एकेक पट्टी गुंडाळली.

"चहा घेऊ," तो म्हणाला.

चहा पिताना त्यानं सांगितलं, ते मी आजवर अनेकांना सांगितलं आहे. टाकी खाली, फीड पंप वर. त्यामुळं मधल्या पाइपात डिझेल ढकललं जात नाही, ओढलं जातं. ओढणाऱ्या बाजूला जोड ढिला असला तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून थेंब गळत नाही आणि माणूस फसतो. गाडी चालू असताना आत जाणारी थोडीशी हवा ती पचवते. गाडी उभी राहिली की पाइपातलं डिझेल आपल्या वजनानं परत टाकीत उतरतं आणि त्याची जागा हवा घेते. त्याला पाच-सहा तास लागतात. टाकी भरलेली असली की डिझेल फार खाली उतरत नाही. तोंड उताराकडं असलं की टाकीच वर जाते आणि डिझेल पंपाकडं राहतं. उतारानं आमची बॅटरी वाचवली आणि दोषही झाकला. "आता कॅन टपावर हाये. आता डिझेल ओढलं जात नाय, वरून दाबलं जातंय. ज्या जोडानं एवढे दिवस हवा घेतली, तो आता डिझेल देईल."

आम्ही परत आलो. टाकीपाशी पट्टी कोरडी, चासीवरच्या जोडाला कोरडी. फीड पंपाच्या बोल्टाभोवतीची पट्टी एका बाजूनं ओली होती. अर्धा रुपयाच्या नाण्याएवढा डाग.

मिस्त्रीनं बोल्ट सोडवला आणि दोन्ही वायसर तळहातावर घेतले. एक नवा, गुळगुळीत. दुसऱ्यावर जुना दाबाचा गोल वण आणि त्याला छेदून जाणारा ओरखडा. तांबं मऊ असतं, एकदा दाबलं की त्या बोल्टाचा आकार घेतं आणि कडक होतं. दुसऱ्यांदा ते बसत नाही. नवा नसलाच तर तापवून लाल करून पाण्यात बुडवायचा, मग पुन्हा मऊ होतो. यातलं मला तेव्हा काही माहीत नव्हतं.

"हा माझ्या हातचा नाय," तो म्हणाला. "मी दोन्ही नवे घातले व्हते." मग माझ्याकडं न बघताच, "इथं पाना कुणी लावला व्हता?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

"बरं," तो म्हणाला.

त्यानं दोन नवे वायसर घातले, एअर काढली, गाडी सुरू करून पाच मिनिटांनी बंद केली. "आता संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाय."

चारच्या सुमाराला अण्णा आले. त्यांच्यासमोर सेल्फ मारला. अर्ध्या सेल्फला सुरू, आणि चालू राहिली.

"काय व्हतं?"

"एअर घेत व्हती. वायसर बदलला."

"म्हणजे तुमच्याच कामातलं," अण्णा म्हणाले. कालचेच दोन ड्रायव्हर बाकड्यावर होते. "दोन रुपयांच्या वायसरपायी चार घरांचा माल मातीत. ते अडीच हजार आता मागू नका."

मिस्त्रीनं मान हलवली. हो म्हणाला की नाही, कळलं नाही. तो दुसऱ्या गाडीखाली गेला.

आम्ही तळोज्यावरून शिळफाट्याला लागलो. कल्याण गेलं, मुरबाड गेलं. अण्णा खुशीत होते. बोलत होते, मी हं हं करत होतो. टोकावड्यानंतर माझ्या तोंडाला कोरड पडली. घाट चढून वर आलो, तिथं अण्णा नेहमी चहाला थांबायचे. गाडी सुरू ठेवूनच चहा प्यायची त्यांची सवय. त्या दिवशी त्यांनी चावी फिरवून गाडी बंद केली. एवढा त्यांचा तिच्यावर पुन्हा विश्वास बसला होता. ती शांतता मला सोसली नाही. मी सांगितलं.

अण्णा बराच वेळ कपाकडं बघत राहिले. मला वाटलं आता मारतील. त्यांनी विचारलं, "नवे किती आणले व्हते?"

"दोन. एक पडला."

"मिस्त्रीनं विचारलं व्हतं का तुला?"

"हो."

"काय म्हणाला तू?"

मी सांगितलं. त्यांनी चहा तसाच ठेवला, पैसे दिले आणि गाडीत बसले. ओतूर येईपर्यंत एक शब्द नाही.

दुसऱ्या दिवशीच्या खेपेनंतर सकाळी ते तुर्भ्याहून सरळ कळंबोलीला गेले. ड्रायव्हर बाकड्यावर बसलेले होते. सगळे तेच नव्हते, पण होते. अण्णा गाडीतून उतरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मिस्त्री, तुमचं काम चोख व्हतं. वायसर माझ्या पोरानं लावला व्हता. मी तुम्हाला चार माणसांत बोललो, म्हणून चार माणसांत सांगतो." खिशातून अडीच हजार काढून दिले. मिस्त्रीनं ते मोजले, वहीत आमच्या नावापुढं रेघ मारली आणि म्हणाला, "हिशोब पुरा." मग पोराला चहा सांगितला.

निघताना अण्णा म्हणाले, "परीक्षा झाली की ह्याला महिनाभर ठेवून घ्या. पगार नको."

२००३च्या एप्रिलमध्ये मी कळंबोलीला राहिलो. पहिले आठ दिवस फक्त पाने धुतले. मग हळूहळू मिस्त्री बोलायला लागला. चारशे सातच्या इंजिनाला ४९७ का म्हणतात हे तिथंच कळलं. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. एका दुपारी धीर करून मी विचारलं, "तुम्हाला तर कळलं व्हतं. अण्णांना का सांगितलं नाय?"

"कळलं नव्हतं," तो म्हणाला. "वाटलं व्हतं. तुझ्या नखांत डिझेल दिसलं, पण ते क्लीनरच्या नखांत असतंच. माझ्या तीन पोरांपैकी एखाद्यानं घाईत जुना घातला असता, तर? मी सांगितलं की नवे घातले, पण पाना माझ्या हातात नव्हता, पोराच्या हातात व्हता. डिझेल कुठून गळतंय ते मी कागद गुंडाळून बघितलं. माणसाचं कसं बघणार? मग नाव कशाला घ्यायचं?"

मी पुढं मिस्त्री झालो नाही. पण गावात कुणाची गाडी अडली की मला बोलावतात, आणि माझ्याकडून नकळत तेच प्रश्न विचारले जातात. किती वेळ उभी होती? तोंड कुठं होतं? टाकी किती? धूर येतो का, कसला? आता गाड्यांना संगणक आहेत, डिझेल लाइनच्या दाबाचं माप यंत्रावर दिसतं, मेकॅनिक केबल जोडून आधी पडदा बघतो. तरी परवा एका शेजाऱ्याचा पिकअप सर्व्हिसिंगहून आल्यावर सकाळी अडायला लागला, तेव्हा त्याचं पहिलं वाक्य होतं, "त्या गॅरेजवाल्यानंच घाण केली." मी म्हणालो, "आज रात्री गाडी सपाटीला लाव. सकाळी मी येतो. तोवर कुणाला फोन करू नको."

अण्णांनी चारशे सात २०११ साली विकली. घराशेजारचा उतार अजून आहे. मुरूम बराच वाहून गेला, कडेला गवत वाढलंय. पावसाळ्यानंतर एकदा अण्णा फावडं घेऊन तिथली माती सारखी करत होते. मी विचारलं, आता कशाला? ते म्हणाले, "असू दे. कुणाची तरी गाडी येते." मग वाकून मातीतून काहीतरी उचललं, अंगठ्यानं पुसलं, उजेडात धरून बघितलं आणि माझ्याकडं टाकलं. बाटलीचं बूच होतं. आम्ही दोघंही हसलो, पण बोललो काही नाही.